८ हजारात मुंबई: काकांकडे राहू की हॉस्टेलवर?

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका मुलीचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वय २४, खाजगी क्लासमध्ये शिकवते, पगार बेताचा. समुद्र अजून एकदाही बघितलेला नाही. जानेवारीत ५ दिवसांची सुट्टी मिळतेय आणि जाण्या-येण्यासकट खर्चायला जमवलेले ८ हजार आहेत. काका-काकू बदलापूरला राहतात आणि म्हणतात, आमच्याकडेच उतरायचं, वेगळं कशाला पैसे घालवतेस. बाबांचंही तेच, काकांकडे राहणार असशील तरच जा. तिच्या मनात मात्र हॉस्टेलचा बेड घेऊन शहरात राहायचंय आणि हे बोलायची हिंमत होत नाही. फोनमध्ये ३१ ठिकाणांची यादी सेव्ह करून ठेवलीय. मुंबईत नोकरी करणारी एक मैत्रीण कॅफेचे फोटो पाठवत असते, ते बघून वाटतं की एवढ्याशा पैशात तिथे जाऊन आपण फक्त दुसऱ्यांना खर्च करताना बघत बसणार, त्यापेक्षा २५ हजार साठले की मग जावं. ती विचारते, "ताई, आत्ता जाऊ की थांबू? आणि काकांकडे फुकट सोय असताना हॉस्टेलवर पैसे घालवणं माजल्यासारखं होईल का?"

---

आत्ता जा. हे आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील.

तुझ्या पत्रात ८ हजाराला तू तीनदा "एवढेसे" म्हटलंयस. एका माणसाला पाच दिवस मुंबईत राहायला, फिरायला, खायला ते पुरतात, चैन होणार नाही पण ओढाताण पण होणार नाही. २५ हजार साठेपर्यंत थांबलीस तर दोन वर्षं सहज जातील, आणि तोपर्यंत काहीतरी निघेलच ना, घराची दुरुस्ती, कोणाचं लग्न, परीक्षेची फी, आणि ते २५ हजार तिकडे जातील. आणि खरं सांगू का, मुंबईतली जी गोष्ट बघायला तू निघालीयस तिला तिकीटच नाहीये. समुद्र फुकट आहे. मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर कोट्यधीश बसतो आणि दिवसभर हमाली करून आलेला माणूस पण बसतो, दोघांना वारा तोच लागतो.

आता मुख्य प्रश्न, काकांचं घर. तू गृहीत धरलंयस की तिथे राहणं फुकट आणि हॉस्टेल म्हणजे खर्च. पैशाच्या बाजूने बरोबर आहे, पण वेळेचा हिशोब कर. बदलापूर ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) हे अंतर ७० किलोमीटरच्या आसपास आहे, लोकलने दीड तास धर, त्यात घर ते स्टेशन, गाडीची वाट बघणं, उतरून पुढे जाणं, म्हणजे एका बाजूचे दोन तास कुठे गेले नाहीत. रोज चार तास, पाच दिवसांचे वीस. जवळजवळ एक अख्खा दिवस तू गाडीत उभी असशील, आणि तो पण कसा, तर सकाळी सगळं बदलापूर-अंबरनाथ-कल्याण कामाला मुंबईकडे निघतं त्याच गर्दीत तू जाणार आणि संध्याकाळी तेच सगळे परत फिरतात तेव्हा तू पण परत फिरणार. बदलापूरच्या बायका वर्षानुवर्षं हे करतात, त्यांना कोणत्या डब्यात कुठल्या दाराला कधी उभं राहायचं ते माहीत असतं. पहिल्यांदा आलेल्या मुलीने खांद्यावर सॅक घेऊन संध्याकाळी सातची गाडी पकडणं हा खरंच त्रास आहे, आणि घाबरवायला म्हणून नाही सांगत, तू शिक्षिका आहेस, गणित करून बघ.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. मुंबईचा समुद्र पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य पाण्यात मावळतो, जानेवारीत सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास. तो बघायला थांबलीस की घरी पोचायला साडेआठ-नऊ, तिकडे काकू जेवायला थांबलेल्या, बाबांचे तीन मिस्ड कॉल. मग दुसऱ्या दिवशी तू काय करशील तर चारलाच निघशील. म्हणजे जे बघायला एवढ्या लांबून आलीस ते सोडून गर्दी चुकवण्यासाठी परतीची गाडी धरशील, पाचही दिवस. माझ्या मते कमी बजेटमध्ये फिरणाऱ्यांची सगळ्यात कॉमन फसगत हीच आहे, झोपायच्या जागेचे पैसे वाचवतात आणि दिवस घालवून बसतात. बाकी सगळ्यात काटकसर कर, खाण्यात कर, टॅक्सीत कर, खरेदीत कर, पण बेड शहरात घे.

आणि शहरात राहिल्यावर एक छान गोष्ट होते जी लोक लक्षात घेत नाहीत. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे वाहते, संध्याकाळी उत्तरेकडे. तू दादरच्या खाली, भायखळा, मुंबई सेंट्रल, फोर्ट, कुलाबा, ह्या पट्ट्यात कुठेही राहिलीस तर सकाळी बोरिवलीकडे जाताना तू उलट्या दिशेने जातेस, बसायला जागा मिळते, आणि संध्याकाळी परत येताना पण तसंच. तीच लोकल, तेच तिकीट, फक्त दिशा वेगळी.

पण काकांना सोडूनही देऊ नकोस, मी तसं म्हणतच नाहीये. माझं म्हणणं असं की बुधवार सकाळ ते रविवार रात्र असे पाच दिवस धर. बुध-गुरु-शुक्र तीन रात्री हॉस्टेल, शनिवारी दुपारनंतर बदलापूर, शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार काकांकडे. रविवारी तसाही बऱ्याचदा सेंट्रल आणि हार्बर लाईनला मेगाब्लॉक असतो, गाड्या उशिरा, काही रद्द, त्या दिवशी शहरात धावपळ करण्यात अर्थ नाही. घरी निवांत जेव, काकूंशी गप्पा मार, आणि संध्याकाळी काकांना घेऊन अंबरनाथचं शिवमंदिर बघून ये, बदलापूरच्या शेजारचंच स्टेशन आहे. शिलाहार राजांच्या काळातलं, १०६० सालचा शिलालेख आहे त्यावर, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघत तास कसा जातो कळत नाही. तिकिटाचा प्रश्नच नाही. तिकडचे किती लोक वर्षानुवर्षं जवळ राहून नीट बघत नाहीत, कदाचित तुझ्यामुळे काका पण बघतील.

माजल्यासारखं होईल का, असं विचारलंयस. नाही होणार, पण कसं सांगतेस त्यावर आहे. "तुमच्याकडून लांब पडतं" असं म्हणशील तर काकूंना लागेल. आधी कोणते दिवस त्यांच्याकडे येणार ते सांग, मग बाकीचं. "काकू, शनिवार-रविवार तुमच्याकडे येतेय, रविवारी काका पण घरी असतील ना, आधीचे तीन दिवस मला सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत शहरात फिरायचंय, म्हणून तिथेच मुलींच्या डॉर्ममध्ये, म्हणजे सामायिक खोलीत, बेड घेतेय." काका रोज तो प्रवास करत असतील किंवा कधीतरी केला असेल, त्यांना लगेच पटेल, मला वाटतं तुझ्या आधी तेच म्हणतील की बरं केलंस.

बाबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना काकांचं घर स्वस्त म्हणून नकोय, सुरक्षित म्हणून हवंय. त्यांच्याशी पैशावर वाद घालू नकोस, त्यांच्या काळजीला उत्तर दे. हॉस्टेलचं नाव, पत्ता, रिसेप्शनचा फोन त्यांच्या हातात दे, त्यांच्यासमोरच फोन लावून बोल. बेड निवडताना फक्त मुलींची खोली आहे ना, रिसेप्शनला रात्रभर माणूस असतो ना, सामानाला लॉकर आहे ना हे विचार, आणि रिव्ह्यू वाचताना एकट्या आलेल्या मुलींनी गेल्या दोन-तीन महिन्यांत लिहिलेलेच वाच, जुने सोड. स्टेशनपासून रात्री नऊला चालत जाता येईल असा रस्ता आहे का हे त्याच रिव्ह्यूंमध्ये कळतं. कुलूप स्वतःचं ने. ओरिजिनल आधार जवळ ठेव. आणि कुणा अनोळखी नंबरवर आगाऊ यूपीआय करू नकोस, बुकिंग साईटवरून कर किंवा तिथे जाऊन भर. डॉर्मचा बेड साधारण ७०० ते १००० च्या आत मिळावा, फोर्ट-कुलाब्याकडे जरा वर. स्टेशनवरची रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी पण असते, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुक होते, पण ती लवकर भरते म्हणून त्यावर सगळा प्लॅन बेतू नकोस. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून झोपायच्या पॉड्सची, म्हणजे एकेकट्याच्या छोट्या कप्प्यांची, सोय पण आहे, एखाद्या रात्रीपुरतं किंवा गाडी अवेळी असेल तर बरं पडतं, तीन रात्रींसाठी डॉर्मच स्वस्त.

लोकलमध्ये बायकांचे वेगळे डबे असतात, प्लॅटफॉर्मवर कुठे उभं राहायचं ते बाजूच्या बाईला विचार, हमखास सांगतात. रात्री डबा रिकामा वाटला तर पोलीस बसलेला असतो तो लेडीज डबा बघ. रेल्वेत काही झालं तर १३९, बाकी कुठेही ११२. हे दोन नंबर बाबांना पण सांग, त्यांना जरा हलकं वाटेल.

आता तुझी ३१ ठिकाणं. मी यादी नीट वाचली. त्यात वरळीला एक, अंधेरीला दोन, मग एकदम कुलाबा, मग गोराई, असं सगळं शहरभर उधळलंय, कारण ती रिल्समधून आलीय आणि रिल्सवाल्याला एका दिवसात सगळं करायचं नसतं. मुंबई लांबट, उभी आहे, तिच्यात खालीवर करणं वेळखाऊ. म्हणून एका दिवसाला एकच पट्टा धर आणि तो पायी फीर. पायी फिरण्यात पैसे वाचतात हे आहेच, पण मी त्यासाठी नाही सांगत, दक्षिण मुंबई चालतच बघायची असते, टॅक्सीतून तिच्यातलं निम्मं दिसत नाही.

पहिल्या दिवशी सीएसएमटीला उतरलीस की घाईने बाहेर पडू नकोस. वेटिंग रूममध्ये तोंड धू, बॅग हॉस्टेलवर आधी ठेवू देतात का ते आदल्या दिवशीच विचारून ठेव, नाहीतर स्टेशनच्या क्लोकरूमला ठेव, बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत. मग रस्ता ओलांडून समोर जा आणि त्या इमारतीकडे बघ. १८८८ ला पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारसा आहे, आणि तरी रोज लाखो माणसं तिच्यातून कामाला जातायत, वरचे दगडातले प्राणी-पक्षी-पानं कुणी मान वर करून बघत नाही. तू बघ. तिथून फोर्टमधून हॉर्निमन सर्कल, काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी जिथे आत जायला काहीच लागत नाही, पुढे गेटवे, हे सगळं रमतगमत अडीच-तीन किलोमीटरच्या आत बसतं. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय वाटेतच आहे, त्याचं तिकीट काढ, ते पैसे वाचवू नकोस, आणि तिथे अर्धा दिवस सहज जातो म्हणून दुपारच्या उन्हात जा. तुझी सुट्टी जानेवारीच्या शेवटाकडे सरकवता आली तर बघ, जानेवारी संपताना-फेब्रुवारी लागताना काळा घोड्याचा कला महोत्सव नऊ दिवस असतो, नाच, गाणी, नाटकं, रस्त्यावर मांडलेली शिल्पं, आणि बहुतेक सगळं फुकट.

दुपार कलली की ओव्हल मैदानावर ये. मैदानाच्या मधोमध उभी राहा. एका हाताला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, सगळं उंच टोकदार दगडी गॉथिक, आणि दुसऱ्या हाताला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगांची रांग. मधे मुलं क्रिकेट खेळतायत. ह्या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ ला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि हे बघायला तुला एक रुपया लागत नाही. तिथून दहा मिनिटं चाललं की मरीन ड्राईव्ह. बस. फोन बॅगेत टाक.

एक मात्र आधीच सांगते म्हणजे हिरमोड नको. मुंबईचं पाणी निळंशार नाहीये, मातकट आहे, किनाऱ्यावर कचरा पण दिसेल, गिरगाव चौपाटीला पाण्यात डुंबायला जाऊ नकोस. तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला तो केवढा आहे हेच कळायला वेळ लागतो. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, नेटवर मिळते, दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि रोज ती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. एकाच जागी एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला गेलीस तर दोन वेगळे समुद्र बघितल्यासारखं वाटेल. हाजीअलीला तर भरतीत जायचा रस्ताच पाण्याखाली जातो, म्हणून तिथे वेळ बघूनच जा.

गुरुवारी घारापुरी, म्हणजे एलिफंटाची लेणी. गेटवेहून लाँच सुटते, साधारण तासाभराचा प्रवास, बघण्या-फिरण्यातला हा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च, लाँचचे जाऊन-येऊन तीनशेच्या आत-बाहेर धर आणि लेण्यांचं तिकीट ४० रुपये वेगळं. करच. समुद्र कडेवरून बघणं आणि त्याच्या मधोमध असणं ह्यात फरक आहे, आणि परत येताना शहर हळूहळू पाण्यातून वर येताना दिसतं. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या लाँचने जा, लाईफजॅकेट मागून घे आणि घाल, कुणी घालत नसलं तरी. वर पायऱ्या आहेत, माकडं हातातलं ओढतात, खाणं बॅगेच्या आत ठेव. सोमवारी लेणी बंद असतात, ह्यामुळेही मी बुधवारपासूनचा प्लॅन सांगितला. कान्हेरी पण सोमवारी बंद.

शुक्रवारी ती उलट्या दिशेची लोकल पकड आणि बोरिवलीला नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीला जा. शंभराहून जास्त लेणी आहेत एकाच डोंगरात, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं माणसं तिथे राहत होती, आणि मला तिथलं सगळ्यात काय आवडतं तर पाणी. खडकात कोरलेले पाट, प्रत्येक लेण्याजवळ टाकं, पावसाचं पाणी थेंबथेंब जमवून वर्षभर पुरवायची सोय. विदर्भातल्या मुलीला ते बघून काय वाटेल मला माहितीय. गेटपासून लेणी बरीच आत आहेत, पार्कची बस असते, येताना शेवटच्या बसची वेळ विचारून ठेव. संध्याकाळी दादरला उतर आणि शिवाजी मंदिरला नाटक बघ. पेपरातल्या जाहिराती आदल्या दिवशी बघ, बाल्कनीचं तिकीट परवडतं, आणि मराठी माणसाने मुंबईत येऊन नाटक न बघता जाणं मला तरी बरोबर वाटत नाही.

शनिवार मोकळा ठेव. जे पुन्हा बघावंसं वाटलं ते बघ. बाणगंगा तलाव बघ, वरच्या मलबार हिलवर झाडांमधून नेलेली पायवाट २०२५ ला सुरू झालीय, तिकीट २५ रुपये, आधी ऑनलाईन बुक करावं लागतं. किंवा गिरगावात खोताच्या वाडीत चक्कर मार, पण तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढू नकोस. बाकीची २०-२२ ठिकाणं राहू देत.

खाण्याचं. पत्रातल्या हिशोबात तू रोज १००० धरलेस ते कॅफेचे फोटो बघून धरलेस. साडेतीनशे-चारशेत पोटभर होतं. सकाळी इराण्याकडे बनमस्का-चहा किंवा उडप्याकडे इडली, दुपारी ऑफिसवाले जिथे रांग लावतात तिथली राईस प्लेट, संध्याकाळी वडापाव. फोर्टात गल्लीगल्लीत अशी हॉटेलं आहेत, दुपारी एक ते दोन सोडून जा म्हणजे जागा मिळेल. दादरला असशील त्या दिवशी प्रकाश ह्या उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घे. माटुंग्याला साऊथ इंडियन, केळीच्या पानावरचं जेवण पण मिळतं. गेटवेच्या आणि चौपाटीच्या अगदी तोंडावर खाऊ नकोस, दोन गल्ल्या आत गेलं की तेच निम्म्यात. आणि एकदा, फक्त एकदा, जिथे जावंसं वाटतंय तिथे मेन्यूतल्या आकड्यांकडे न बघता बस. त्यासाठी ५०० वेगळे काढून ठेव आणि ते खर्च केल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

मैत्रिणीबद्दल. ती फोटो पाठवते ते तुला हिणवायला नसावेत, नव्या शहरात एकटं पडलेलं माणूस पण फोटो पाठवत असतं. तिला आधीच स्पष्ट लिही, "मी येतेय, माझं दिवसाचं बजेट एवढं आहे, आपण मरीन ड्राईव्हला भेटू, चहा मी पाजेन." संध्याकाळी कॅफेत जाऊन बिल आल्यावर घाम फुटण्यापेक्षा हे बरं. मुंबईत आठवड्याचे सहा दिवस धावणाऱ्या मुलीला समुद्राकाठी कुणाशी तरी दोन तास बोलायला मिळणं हीसुद्धा दुर्मिळ गोष्ट आहे, बघ ती नाही म्हणणार नाही.

फिरण्याचा खर्च दिवसाला शे-दीडशे धर. लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून, एक-तीन-पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट पण खिडकीवर मिळतं. मोबाईलवर काढणार असशील तर स्टेशनात शिरायच्या आधी काढ, रुळांजवळ गेलं की ॲप तिकीट काढू देत नाही. एसी लोकल आणि फर्स्ट क्लासला साधं तिकीट चालत नाही, डबा बघून चढ, नवखी माणसं इथेच दंड भरतात. बेस्टची बस २०२५ पासून कमीत कमी १० रुपये, एसी १२, सीएसएमटीकडून एसी डबलडेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढे बस. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, १० ते ७० रुपये, गर्दीच्या वेळी ती बरी. रिक्षा दक्षिण मुंबईत नाही, वांद्रे आणि सायनच्या अलीकडे फक्त टॅक्सी, काळीपिवळी मीटरने ३१ पासून. रात्री उशीर झाला तर मात्र टॅक्सीचे पैसे वाचवत बसू नकोस.

म्हणजे बघ, स्लीपरने जाऊन-येऊन ८०० धर, हॉस्टेल २७००, खाणं पाच दिवसांचं १६००, कारण रविवारी काकूंकडेच जेवशील, फिरणं ६००, लाँच-लेणी-म्युझियम ७००, नाटक ३००, ते एकदाचं ५००. ७२०० झाले. उरलेले ८०० बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात, फोन हरवला, गाडी चुकली, तब्येत बिघडली तर. काकूंसाठी जे न्यायचं ते गावाहूनच ने.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. दिवसभर पायी फिरणाऱ्या बाईला बाथरूमची अडचण होते आणि मग त्या पाणीच कमी पितात. असं करू नकोस. म्युझियम, मॉल, मोठं हॉटेल, मोठी स्टेशनं, जिथे स्वच्छ मिळेल तिथे गरज नसली तरी जाऊन ये, आणि बाटली भरून घेत राहा. जानेवारीतही दुपारी घाम येतो. चपला नव्या घालू नकोस.

अशीच पत्रं आणखी काहीजणींची आणि काही मुलांचीही येतात त्यांच्यासाठी थोडं. मुंबईत कुणी नातेवाईक नसतील तर चौथी रात्र पण डॉर्ममध्ये काढा आणि घारापुरीऐवजी कान्हेरीवर भागवा, हिशोब बसतो. दोघं-तिघं असाल तर डॉर्मचे तीन बेड आणि एक साधी खोली ह्यांच्या दरांची जरूर तुलना करा, कधीकधी खोलीच स्वस्त पडते. वयस्कर आईवडील सोबत असतील तर मी सांगितलेलं पायी फिरणं अर्धं करा. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर लाँच बंद असू शकते, लोकल तुंबू शकते, एक दिवस हातचा ठेवूनच या आणि मरीन ड्राईव्हला कट्ट्याखालच्या त्या सिमेंटच्या दगडांवर अजिबात उतरू नका, लाट कुठून येते कळत नाही.

तू आधी काकूंना फोन कर, मग बाबांशी बोल, मगच बुकिंग. गाडीचं रिझर्वेशन मिळालं नाही तर एसटीत आपल्याला, म्हणजे बायकांना, अर्धं तिकीट आहे, लांबचा प्रवास आहे पण मार्ग आहे. आणि परतीचं तिकीट कल्याणहून चढायचं काढ, विदर्भाकडच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, म्हणजे रविवारी रात्री बॅग घेऊन पुन्हा सीएसएमटीपर्यंत जायला नको, बदलापूरहून कल्याण तीन-चार स्टेशनं, काका सोडायला येतील.